डोंगर चढलो तर तिकीट

कतारमध्ये डोंगर नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे म्हाताऱ्याने थापा मारल्या असं पुढे कुणी म्हणायला नको. तो देश तव्यासारखा सपाट आहे. भाकरी जरा फुगावी तेवढा उंचवटा पश्चिमेला, दुखानच्या रस्त्याने गेलं की दिसतो. आपली तिथली मराठी माणसं त्यालाच डोंगर म्हणतात. म्हणोत बापडी. गाव सोडलं की माणसाला काहीतरी उंच लागतं, नाहीतर मान खाली घालून घालून दुखते.

मी शिकलेला नाही. चौथीत शाळा सोडली आणि वसईच्या मिठागरावर कामाला लागलो, पुढे वडिलांची केळीची वाडी केली. तेव्हा लिहिण्यात कुठे वाकडं आलं तर वाचणाऱ्याने सरळ करून घ्यावं.

नाताळच्या तोंडावर बायको गेली. करंज्यांना रवा भाजून ठेवला होता तिने, तो तसाच डब्यात राहिला. मुलगा तेव्हा दोह्यात एका कंपनीत अकाउंट्सला होता. कतारमधून बाहेर पडायचं तर त्या काळी मालकाची सही लागे, आणि मालक ससाणा घेऊन कुठल्याशा वाळवंटात शिकारीला गेला होता. फोन लागेना. आम्ही एक रात्र थांबलो, दुसऱ्या दिवशी दुपारी माती दिली. सही आली तेव्हा सगळं आटपलं होतं. मुलगा फोनवर म्हणाला, "पपा, आता येऊन काय करू?" तेव्हापासून तो गावी आलाच नव्हता.

त्यानंतर मी विहिरीच्या काठावर घसरलो. फार काही नाही, गुडघा सुजला. पण शेजारणीने दोह्याला फोन करून असं काही रंगवून सांगितलं की मला विहिरीतून गळ टाकून काढलं असं वाटावं. पावसाळ्याच्या आधी व्हिसा आला, तिकीट आलं, आणि मला दोह्याच्या कडेला, मुऐदरला आणून ठेवलं.

मुऐदरचा बंगला म्हणजे बाहेरून शेखाचा, आतून चाळीचा. घरमालकाने एका बंगल्याचे लाकडी फळ्या ठोकून तुकडे केले होते, प्रत्येक तुकड्यात एक बिऱ्हाड. पलीकडचा केरळी शिंकला की आमच्याकडे 'गॉड ब्लेस यू' म्हणत. मला हॉलमधला सोफा दिला. सून हॉस्पिटलात नर्स, मुलगा ऑफिसात, नात इंग्लिश शाळेत. दिवसभर मी आणि एसी. एसी माझ्यापेक्षा जास्त बोलायचा.

नातीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. मी म्हणायचो, "बाय, पाणी दे." ती म्हणायची, "ग्रँपा, से प्लीज." आजीने जन्मभर मला पाणी दिलं, प्लीज न म्हणता दिलं. पण ते त्या पोरीला कसं सांगणार.

आमच्यात माणूस गेलं की घरचे पुरुष शर्टाच्या खिशावर काळी फीत लावतात. वर्षभर. देवळात वर्षाची मिस्सा, म्हणजे तिच्या नावाची प्रार्थना झाली, लोक जेवून गेले, की फीत काढायची. दोह्यातल्या मॉलमध्ये मला एका वॉचमनने फीत बघून विचारलं, "चाचा, कौनसी कंपनी?" मी म्हटलं, "मालकीण गेली. कंपनी बंद."

तर गोष्ट अशी की वर्षाची मिस्सा जवळ येत होती. मेलेल्यांचा सण नोव्हेंबरात होतो, सगळी वसई सिमेट्रीत फुलं-मेणबत्त्या घेऊन लोटते, तो माझा चुकलाच होता. हिच्या कबरीवर शेजारणीने मेणबत्ती लावली. फोनवर म्हणाली, "दादा, पावसानं माती बसली हो. चांगली वीतभर खाली गेलीय. क्रूसपण कललाय." नवी कबर पहिल्या पावसात बसतेच. मग घरच्यांनी जाऊन टोपलीभर माती घालायची, सारखी करायची, आणि मगच मिस्सा. हे काम शेजारणीचं नाही. हे माझं काम होतं, आणि मी सोफ्यावर बसून टीव्हीवर उंटांची शर्यत बघत होतो.

मुलाला विचारलं, "माझं तिकीट?"

"इन्शाल्ला, पपा."

चांगला शब्द आहे तो. तिथले लोक तो देवाला स्मरून म्हणतात. माझा मुलगा तो दाराला कडी लावावी तसा लावायचा. महिनाभर मी विचारतोय आणि हा इन्शाल्ला. शेवटी एका रात्री जेवताना मी ताट सरकवलं.

"हो की नाही ते सांग. देवाला मध्ये घालू नकोस."

"पपा, तुझा गुडघा बघ. तिकडे एकटा कसा राहणार? विहीर, वाडी, अंधार."

"तुझी आई होती तेव्हा माझा गुडघा दुसऱ्याचा होता काय?"

"तेव्हा मम्मी होती."

मी ताट परत ओढलं आणि भातात आमटी ओतली. सून माशाचे काटे काढून पोरीच्या ताटात टाकत होती. ती म्हणाली, "दोघांचं रोज तेच ऐकून माझं डोकं उठलंय. शुक्रवारी मराठी मंडळाचा ट्रेक आहे ना डोंगरावर? पपा चढले तर त्यांचं तिकीट काढायचं. नाही चढले तर व्हिसा वाढवायचा, आणि त्यांनी परत तोंड उघडायचं नाही. खलास."

मुलगा हसला. त्याला वाटलं आपण जिंकलो. मीपण हसलो. मी तुंगारच्या डोंगराखाली वाढलेला माणूस, मला भाकरीचं काय भय.

शुक्रवार म्हणजे तिथला रविवार. आम्ही ख्रिस्ती लोक रविवारची मिस्सा शुक्रवारी ऐकायचो. देव समजून घेतो, कॅलेंडर छापणारा नाही. ह्या वेळी ट्रेकमुळे सुनेने सगळ्यांना गुरुवारी संध्याकाळीच मिस्सेला नेलं. म्हणजे रविवार गुरुवारी झाला. असंच चाललं तर नाताळ दिवाळीत येईल, असं मी बोललो तर सुनेने कोपर मारलं.

मंडळ म्हणजे निम्मे पुण्याचे, थोडे नाशिकचे, आणि आम्ही वसईचे तोंडी लावायला. लीडर पुण्याचा इंजिनिअर होता, गॅसच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. माणूस वाईट नव्हता. पण अंगावर इतकं सामान की पाठीमागून बघितलं तर घर बदलतोय असं वाटावं. पाठीला सॅक, सॅकला दोरखंड, हातात दोन काठ्या, गळ्यात शिट्टी, पायात दोन-दोन किलोचे बूट. दुखानच्या रस्त्यावर एका पेट्रोल पंपाला सगळ्या गाड्या थांबवून, चहाचे पेले हातात असताना, त्याने भाषण केलं.

"एक शिट्टी म्हणजे थांबा. दोन शिट्ट्या म्हणजे पाणी प्या. तीन शिट्ट्या म्हणजे इमर्जन्सी. काका, तुम्हाला जमेल ना? आम्ही सह्याद्रीत सतरा गड केलेत, पण प्रत्येक डोंगराचा मान ठेवायचा असतो."

"ठेवू की," मी म्हटलं. "डोंगर किती उंच आहे?"

त्याने घड्याळासारखं एक यंत्र बघितलं आणि मीटरमध्ये काहीतरी सांगितलं. मला मीटर कापडाचे कळतात. तिथे पोचल्यावर बघितलं तर आमच्या देवळाचा मनोरा आणि वर थोडं. चपटं डोकं, बाजूने चुनखडीचे कडे, पिवळट. वाऱ्याने खालून खाल्लेला, वरून राखलेला. लीडर म्हणाला, "हा आपला बालेकिल्ला, ती डावीकडची माची." बायकांनी माना डोलावल्या. मला तो किल्ल्यापेक्षा शिळ्या ब्रेडसारखा वाटला, पण मी वसईचा, आम्हाला ब्रेडच जास्त कळतो.

दोन दिवस आधी पाऊस पडून गेला होता. दोह्यात दोन सरी आल्या की रस्त्यात तळी होतात, टँकर येऊन पाणी शोषतात आणि पोरांच्या शाळा लवकर सुटतात. गारवा आला होता. उत्तरेचा वारा कानात शिरत होता. पोरांनी टोप्या घातलेल्या, बायकांनी शाली. मुलाने मला नवे बूट घेऊन दिले होते, घोट्याच्या वर दोऱ्या असलेले. ते बांधायला मला सुनेची मदत लागली. त्याच वेळी मुलाच्या चेहऱ्यावर दिसलं, त्याच्या बाजूने एक गुण वाढला.

गाड्या होत्या तिथून डोंगर समोर, पण मध्ये एक सखल पट्टा. खाऱ्या चिखलाची जमीन, तिथे तिला सबखा म्हणतात. पावसाने ती भिजून वर पुन्हा वाळली होती, आणि पांढरी साय धरली होती. लीडरने काठी उंचावली.

"सबख्यात कुणी उतरायचं नाही. उजवीकडून खडकावरून वळसा. जास्त वेळ लागेल, पण सेफ."

आणि मी ती पांढरी साय बघितली.

मीठ. उन्हात चकाकणारं मीठ. आयुष्याची पंधरा-वीस वर्षं मी तेच बघत उठलो. मला एकदम वाटलं की कुणीतरी माझं आगर उचलून इथे आणून टाकलंय आणि ह्या शहाण्या लोकांना त्याची भीती वाटतेय. वळसा घालून दगडांवरून माझा गुडघा डोंगरापर्यंत पोचेल की नाही ही शंकाच होती. इथून सरळ गेलो तर ह्या सगळ्यांच्या आधी डोंगराच्या पायाशी बसून त्यांना हात दाखवीन.

"हे मिठागर आहे," मी म्हटलं. "मीठ धरलंय म्हणजे तळ घट्ट असतो. मी ह्यात जन्म काढलाय."

"काका, प्लीज, रूट सोडू नका."

"पपा, ऐक त्यांचं," मुलगा म्हणाला.

"तू तिकीट बघ," म्हटलं, आणि उतरलो.

थोडा वेळ छान गेला. पायाखाली साय कुरकुरत होती. मागे वळून मी हातसुद्धा केला. मग एक पाय घोट्यापर्यंत गेला. तो काढायला दुसऱ्यावर जोर दिला, तर दुसरा गुडघ्यापर्यंत. पहिला पुन्हा खाली. साय फुटली आणि खालून काळा, थंड, लोण्यासारखा चिखल. तळ नाहीच.

तिथे उभं राहून, म्हणजे अर्धा उभा आणि अर्धा पुरलेला, मला कळलं मी काय केलं ते. मिठागराचा तळ घट्ट असतो तो आपोआप नाही. पावसाळा संपला की आम्ही वाफ्यात उतरायचो, ओळीने, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, आणि चिखल पायांनी तुडवायचो. आज तुडवायचा, वाळू द्यायचा, उद्या परत. टाचा फुटायच्या. मग कुठे त्यावर खारं पाणी सोडायचं. बायको मला तिथेच भेटली. ती माझ्या शेजारच्या जागी होती आणि माझ्यापेक्षा जोरात पाय मारायची. पहिल्या दिवशीच म्हणाली, "पाय मारतोस की नाचतोस?" घट्ट तळ आम्ही केलेला होता. इतकी वर्षं मी समजत होतो की मिठाखाली तो असतोच. कतारमध्ये कुणी पाय मारला होता?

तेवढ्यात मागून शिट्टी वाजली. तीन वेळा.

लीडर निघाला होता मला सोडवायला. शूर माणूस. मंडळाच्या बायकांसमोर शूर माणसाला थांबता येत नाही. पण त्याच्या अंगावर सामान किती ते मी सांगितलंच. माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच तो मांडीपर्यंत गेला, आणि काठ्या त्याच्याही आधी गेल्या.

"काका, पॅनिक होऊ नका!" तो ओरडला.

"मी कुठे होतोय?" मी म्हटलं. "शिट्टी तुमचीच वाजतेय."

काठावर गोंधळ. "दोरी टाका, दोरी!" कुणीतरी म्हणालं. दोरी लीडरच्या सॅकला, सॅक लीडरच्या पाठीला, आणि लीडर चिखलात. त्याने कशीबशी सोडून फेकली, ती माझ्या आणि काठाच्या बरोबर मधोमध पडली. सगळे तिच्याकडे बघत उभे राहिले. नात ओरडली, "ग्रँपा, डोंट मूव्ह!" पोरगी रडत होती. तिचं इंग्लिश मला पहिल्यांदा घरचं वाटलं.

आणि मग तो वास आला. चिखल ढवळला की तळातून येतो तो. ओहोटीच्या वेळी आमच्या खाजणात येतो तोच, कुजक्या पाल्याचा, खारट. लोक नाक दाबतात. मी सहा महिने परफ्यूमचा, एसीचा, शवर्म्याचा वास घेत होतो. मी हातपाय मारायचं सोडलं आणि डोळे मिटून उभा राहिलो. आगर सुटल्यावर बायकोच्या लुगड्याच्या ओच्याला हा वास असायचा. कितीही धुतलं तरी.

"पपा!" सून काठावरून किंचाळली. "छातीत दुखतंय का? हात हलवा! पपा, काय होतंय?"

"काही नाही. वास घेतोय."

"काय?"

"वास घेतोय म्हटलं!"

"डोकं फिरलंय ह्यांचं," ती मुलाला म्हणाली, आणि मग तिच्यातली नर्स जागी झाली. एरवी घरात हळू बोलणारी बाई, पण तिथे असा आवाज लावला की दुखानचे उंट थांबले असतील. "सगळ्या गाड्यांतली रबरी मॅट काढा! पिकनिकच्या चटया आणा! पपा, आडवे व्हा. आडवे! लाजता काय, झोपा चिखलात! लीडरसाहेब, तुम्हीपण! आणि ती शिट्टी बंद करा!"

मॅट एकापुढे एक टाकून मुलगा त्यावर पोटावर सरपटत आला. इस्त्रीचा शर्ट घालून. त्याने माझ्या काखेत हात घातले आणि ओढलं. माझा डावा बूट खाली राहिला. नवा बूट, घोट्यावर दोऱ्यांचा, तो अजून तिथेच असेल, कतारच्या पोटात. लीडरचे तर दोन्ही राहिले. तो मोज्यांवर काठावर आला तेव्हा त्याच्या बायकोने पहिला प्रश्न विचारला, "कॅमेरा कुठाय?"

मला खडकावर बसवलं, पाण्याच्या बाटल्या ओतल्या. मुलगा समोर उभा. चिखलाने भरलेला, आणि असा तापलेला की चिखल अंगावर वाळेल.

"खलास, पपा. बघितलंस? आपण घरी जाणार. व्हिसा वाढवायचा."

"डोंगर कुठे चढलोय मी अजून?"

"नाटकं पुरे झाली!"

"ठरलं काय होतं? चढलो तर तिकीट. चिखलाचं काही ठरलं नव्हतं. विचार तुझ्या बायकोला."

सुनेने दोघांकडे बघितलं. तिच्या मनात काय होतं देव जाणे, पण ती न्यायाची बाई आहे. "चिखलाचं नव्हतं ठरलं," ती म्हणाली.

मी उरलेला बूटपण काढला. एका बुटाने चढण्यापेक्षा बिनबुटाचं बरं, निदान दोन्ही पाय सारखे कुरकुरतात. खडकावरून वळसा घातला. दगड धारदार होते, वारा ओल्या कपड्यांतून आरपार. गुडघा प्रत्येक पावलाला विचारायचा, अजून किती? मंडळ पुढे निघून गेलं, नात त्यांच्याबरोबर. मुलगा माझ्या मागे. हात धरत नव्हता, पण पडलो तर पकडायला हात अर्धे वर करून चालत होता. लहानपणी तो झाडावर चढायचा तेव्हा मी खाली असाच उभा असायचो.

अर्ध्यावर मी एका कपारीत बसलो. तो पण बसला. खाली सबखा दिसत होता, त्यात आमची भोकं, काळी, आणि त्यात पाणी साचलेलं.

"तिकडे जायची एवढी घाई कशाला?" तो म्हणाला. आता आवाज खाली आला होता. "मिस्सा इथेपण सांगता येते."

"मिस्सा इथे होईल. माती इथून टाकता येत नाही."

"कसली माती?"

त्याला माहीतच नव्हतं. अकाउंट्स शिकला, पण हे कुणी शिकवलं नव्हतं. मी सांगितलं. पहिल्या पावसात कबर बसते. वीतभर गेलीय. क्रूस कललाय. ते घरच्यांनी भरायचं असतं.

तो वाळलेला चिखल हाताच्या केसांतून खुडत बसला. मग म्हणाला, "कुठल्या बाजूला आहे कबर?"

"भिंतीकडे. चिंचेखाली." मग मी म्हटलं, कारण मला गोल गोल बोलता येत नाही, "तू मला इथे ठेवतोस ते गुडघ्यासाठी नाही. मी तिकडे गेलो तर तुला यावं लागेल. म्हणून."

तो चिडेल असं वाटलं. नाही चिडला.

"लोक काय म्हणतील, पपा? आई गेली तेव्हा आला नाही, आणि आता मिस्सेला आला."

"लोक म्हणतील, आला. मग मटण कसं झालं ते म्हणतील. वसईचे लोक जेवायला बसले की कुणाची पापं मोजत नाहीत. मटण कमी पडलं तर मात्र वर्षभर काढतील."

तो हसला की रडला ते मी बघितलं नाही. वर उरलेला डोंगर बघत होतो. म्हणजे ब्रेड.

वर पोचलो तेव्हा मंडळाने टाळ्या वाजवल्या. माथा सपाट, त्यावर कुणीतरी टाकलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या, आणि दूर समुद्राची निळी रेघ. लीडर मोज्यांवर उभा राहून भाषण करत होता. आजच्या अनुभवातून टीमवर्क कसं शिकलो ते सांगत होता. चिवडा वाटला गेला. फोटोसाठी मंडळाचा कापडी फलक धरला, तो एवढा मोठा होता की फोटोत माझी फक्त अनवाणी पावलं आली आहेत. नातीने मला जवळ ओढलं आणि खिशावरची फीत बोटाने पुसली, चिखल लागला होता तिला.

"ग्रँपा, डझ इट कम ऑफ?"

"निघते," मी म्हटलं. "वर्ष झालं की."

उतरताना मुलाने विचारलं, "माती भरायला किती माणसं लागतात?"

"एक पुरतो. टोपलीभर तर असते."

"दोन असली तर?"

"दोन असली तर लवकर होतं," मी म्हटलं. जास्त बोललो नाही. झाडावरून उतरणाऱ्या पोराला हाक मारायची नसते, घसरतो.

पुढे मुलाने मालकाची सही मागितली. ह्या खेपेला कुणी मेलेलं नव्हतं, म्हणून लगेच मिळाली. लीडरने सगळ्यांना ट्रेकचं सर्टिफिकेट दिलं, प्लास्टिकमध्ये बंद केलेलं, खाली त्याची सही. चौथीनंतर मला मिळालेलं ते पहिलंच. वसईच्या घरी लोणच्याच्या बरणीखाली ठेवलंय, तेल फळीवर उतरत नाही.

मिस्सेच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघं सिमेट्रीत गेलो. माती आमच्याच वाडीतली, केळीच्या बुंध्याजवळची, टोपलीत भरून त्याने डोक्यावर आणली. शहरातल्या माणसाने टोपली धरावी तशी धरली होती, कानावर सांडत. शेजारीण म्हणाली होती वीतभर, पण चांगली हातभर बसली होती. आणखी टोपल्या आणायला लागल्या. त्यासाठी दोघं होतो ते बरं झालं.

क्रूस सरळ केला. माती ओतून झाली आणि मुलाने चपला काढल्या. विमानात मी त्याला मिठागराचं सगळं सांगितलं होतं, तुडवायचं, टाचा फुटायच्या, आई कशी पाय मारायची. त्याला वाटलं इथेपण तसंच. त्याने एक पाय उचलला.

"थांब," मी म्हटलं. "हिच्यावर पाय नाही. हाताने दाब."

तो गुडघ्यांवर बसला. मला बसायला वेळ लागला, गुडघा तसाच आहे. मग आम्ही दोघं समोरासमोर बसून, हाताने, एका बाजूने सुरुवात करून ती माती दाबत गेलो.